एक्स्ट्रॅक्टरखालचा लाल कण

गुरुवार, २ ऑक्टोबर

आज जे घडलं ते आधी क्रमाने लिहिते.

१. क्लबचं नवं पॉइंट टू टू पिस्तूल आज पहिल्यांदा झाडलं. कोन गावामागची आमची रेंज, पंचवीस मीटर.
२. आधी मी. पाच-पाच गोळ्यांच्या तीन मालिका. दोष नाही.
३. नंतर कोमल कोळी. पहिली मालिका व्यवस्थित.
४. दुसऱ्या मालिकेत मधल्याच एका गोळीला आवाज वेगळा आला. पिस्तुलाच्या उजव्या बाजूने धूर.
५. स्लाइड, म्हणजे पिस्तुलाचा मागे-पुढे सरकणारा भाग, पूर्ण बंद झालेली नसताना गोळी उडाली होती. काडतुसाची कड फाटली. पितळेचे तुकडे मागे आले.
६. कोमलच्या अंगठ्याच्या बुडाशी जखम, दोन टाके. गालावर ओरखडा. चष्म्याच्या उजव्या काचेवर खोल चरा. डोळा वाचला.
७. तिने पिस्तूल हातातून सोडलं नाही. नळी समोर ठेवून टेबलावर ठेवलं आणि मग खाली बसली.
८. आमचे प्रशिक्षक सत्यजीत सर यांनी रेंज बंद केली. पिस्तूल उघडून तपासायचं काम माझ्याकडे दिलं, कारण तळोज्याच्या प्रयोगशाळेत मी रोज दुसऱ्यांची मोजमापाची उपकरणं तपासते.

पिस्तुलाबद्दल वेगळं लिहिते. अपघातामुळे ते राहून जाईल, आणि पहिला अनुभव दुसऱ्यांदा येत नाही.

आतापर्यंत मी हवेच्या पिस्तुलावर होते, दहा मीटर. त्यात छर्रा सुटला तरी हात जवळजवळ तिथेच राहतो. हे तसं नाही. भार पुढच्या बाजूला आहे, त्यामुळे नळी डगमगत नाही. चाप दोन टप्प्यांचा. पहिला टप्पा मऊ, मग भिंत लागते. भिंतीपाशी थांबलं की बोटाला कळतं, आता फक्त ठरवायचं उरलं आहे. गोळी सुटली की मूठ तळहातात सरळ मागे येते, वर उसळत नाही. मी पुन्हा नीट बघेपर्यंत रिकामं काडतूस बाहेर पडलेलं असतं, नवीन गोळी आत बसलेली असते, पुढची खूण मागच्या खाचेत परत आलेली असते. माझ्या आधी ते तयार असतं. कोणाबरोबर काम करताना मला असं क्वचित वाटलं आहे.

सरांनी विचारलं, "कसं आहे?"

मी म्हटलं, "ठीक आहे."

मूठ लाकडी, मध्यम मापाची. माझ्या हातात बसते. कोमलचा हात लहान, म्हणून तिने अंगठ्याखाली कापडी चिकटपट्टी गुंडाळली. दोघींत एक पिस्तूल, त्यामुळे तिची पाळी आली की पट्टी लावायची, माझी आली की काढायची. चिकटा लाकडावर राहतो.

दिवाळीनंतर राज्य स्पर्धा आहे. या प्रकारात क्लबकडून आम्ही दोघीच. कोमलला पदक मिळालं तर पोलीस भरतीत खेळाडूंच्या जागेसाठी अर्ज करता येईल. मला नोकरी आहे.

काल खंडेनवमीची पूजा रेंजवर झाली. सगळी शस्त्रं टेबलावर, मॅगझिन काढून, स्लाइड उघडी ठेवून. पूजेचे नियम मीच टाइप करून भिंतीला लावले आहेत: फुलं टेबलाच्या कडेला, हळदकुंकू ताटातच, धातूला काहीही लावायचं नाही. शेवटी आवरायला मी थांबले होते.

शनिवार, ४ ऑक्टोबर

पिस्तूल उघडलं. सर शेजारी होते.

नळी ठीक. फायरिंग पिन ठीक. एक्स्ट्रॅक्टर वाकला आहे. म्हणजे रिकाम्या काडतुसाची कड पकडून ते बाहेर ओढणारी नखाएवढी पट्टी. तिच्याखालच्या खोबणीत तेलात माखलेला लाल डाग आणि कण. त्यामुळे पट्टी उचललेली राहिली, काडतूस पूर्ण आत बसलं नाही, स्लाइड केसभर उघडी राहिली. एवढं स्पष्ट आहे.

मी ते टिश्यूने टिपून घेतलं.

सर वाकले. खोबणीत डाग तेवढा उरला होता. "लाल काय आहे गं? गंज?"

"गंज नाही."

"कुंकू?"

"असू शकेल."

सर सरळ उभे राहिले. "कोमल," म्हणाले. विचारत नव्हते.

कोमलच्या कपाळावर रोज एकवीरेच्या कुंकवाचा ठसठशीत टिळा असतो. पिस्तूल हातात घेतलं की ती ते आधी कपाळाला टेकवते. गेल्या महिन्यात मीच तिला सगळ्यांसमोर बोलले होते, घामाने कुंकू ओघळतं, एखाद्या दिवशी आत जाईल. ती म्हणाली होती, "देवीचं हाय ताई, ते कुटं वाईट करतंय?" सगळे हसले होते. मीही.

अहवालात लिहिलं: "एक्स्ट्रॅक्टरच्या खोबणीत बाह्य कण, लालसर. स्रोत निश्चित करता आला नाही."

वाक्य तपासलं. त्यात खोटं काही नाही.

टिश्यू पँटच्या खिशात राहिला.

रविवार, ५ ऑक्टोबर

रेंजवर सगळ्यांना बोलावलं होतं. क्लबचे अध्यक्ष भगवानशेठ स्वतः आले. हे पिस्तूल त्यांनीच खटपट करून मिळवलं, त्यामुळे त्यांचा राग मोठा होता.

"परदेशातून मागवलेलं मशीन," ते म्हणाले, "आणि पोरींनी त्याला फक्त बांगड्या भरायच्या बाकी ठेवल्यात!"

कुणीतरी हसलं. कोमल हाताला पट्टी बांधून उभी होती. सर तिला म्हणाले, "समृद्धीने तुला आधी सांगितलं होतं का नव्हतं?"

"सांगितलं होतं, सर."

"मग?"

तिने मान खाली घातली. सरांनी माझ्याकडे हात केला. "या क्लबमध्ये एकच माणूस असा आहे ज्याच्या टेबलावर देव नाही, मायक्रोमीटर आहे. शिका जरा."

एरवी हे वाक्य मला आवडलं असतं. मागे एकदा ते असंच काहीसं म्हणाले होते तेव्हा मी ते इथे लिहून ठेवलं होतं.

निर्णय: कोमल हा हंगाम बाहेर. तिची प्रवेशिका पाठवायची नाही. प्रवेशिका बुधवारी पंधराला बंद होतात.

मी बोलू शकले असते. तेव्हा मनात आलं ते असं: मी पंधरा गोळ्या झाडल्या तेव्हा काही झालं नाही, मग कारण-परिणाम सिद्ध कसा होतो? हा प्रश्न चुकीचा नाही.

सोमवार, ६ ऑक्टोबर

सकाळी आई चहा गाळता गाळता म्हणाली, "पॅन्टच्या खिशात कागदात गुंडालून तांदलाचा दाना ठेवलास व्हय? मी धुवायला घेतली तवा मिलाला. देवीचा हाय, धुन्यात कसा जाऊ देऊ? तुलशीत टाकला."

मी कुंडीत पाहिलं. ओली माती, सकाळचं पाणी, गळलेल्या मंजिऱ्या. काही सापडण्यासारखं नव्हतं.

आता इथे तरी लिहायला हवं.

खंडेनवमीला आईने मला अक्षतांची पुडी दिली होती, कुंकवात घोळलेले तांदूळ. ती हे सगळ्यालाच करते. गव्हाणला आजोबांचं मिठागर होतं तेव्हा नवमीला मीठ ओढायच्या फावड्याला अक्षता वाहायचे. मिठागर गेलं, फावडी गेली, आईची सवय राहिली. मिक्सर, स्कूटर, कपड्यांचं मशीन, इंजिनिअरिंगला माझं पहिलं व्हर्नियर, सगळ्यांवर तिचे तांदूळ पडले आहेत. "नवी वस्तू हाय," ती म्हणते, "तिला कोरडी नाय ठेवायची."

मी पुडी घेतली, कारण वाद घालण्यापेक्षा घेणं सोपं असतं. रेंजवर पूजा झाली. बाकीचे बाहेर वडे खायला गेले. मी शस्त्रं पेटीत ठेवत होते. नवं पिस्तूल शेवटी राहिलं. उघडी स्लाइड, आतलं स्टील अजून कारखान्याच्या तेलात. मी भिंतीवरचा माझा कागद पाहिला, दाराकडे पाहिलं, आणि चिमूटभर अक्षता वाहिल्या. हातही जोडले. मग पटकन फुंकर मारली, कपड्याने पुसलं आणि पेटी बंद केली.

का केलं ते मला माहीत नाही. म्हणजे, माहीत आहे. ते पिस्तूल माझं व्हावं असं वाटत होतं. दोघींचं नाही.

शनिवारी टिश्यूत आला तो अर्धा तांदूळ होता. कपाळावरून तांदूळ ओघळत नाही.

संध्याकाळी आईला अपघाताचं सांगितलं, अर्धंच. तिने लगेच हात जोडले. "बरा झाला तू तांदूल टाकलास. नायतर त्या पोरीचा डोला गेला असता."

मी जेवले नाही. पोट ठीक नाही असं सांगितलं.

बुधवार, ८ ऑक्टोबर

विमानतळाच्या कार्यक्रमामुळे उलव्याकडचे रस्ते बंद होते. तरी कोमल उरणहून आली, कशी ते विचारलं नाही. बंदी असली तरी ती रेंजवर येते. दुसऱ्यांची टार्गेटं लावते.

तिचं कपाळ कोरं होतं. ती जागा बाकीच्या चेहऱ्यापेक्षा उजळ दिसते. मला तिच्याशी बोलताना तिथे बघवेना आणि दुसरीकडेही बघवेना.

ती बाजूला येऊन म्हणाली, "ताई, तुमचे उपकार हायत."

"कसले?"

"सरांनी तुमचा रिपोर्ट वाचून दाखवला ना. तुमी कुंकू लिवलं नाय. बाह्य कण लिवलं. मला समजत नाय का? मला वाचवायला लिवलंत."

मी म्हटलं, "तसं काही नाही."

"तुमी असंच बोलनार." ती हसली, मग हळू आवाजात म्हणाली, "माजंच चुकलं. तुमी सांगितलेलं, मी आयकलं नाय. आई बोलते देवीनंच शिक्षा दिली. मी बोलले, आई, देवी कशाला देल, मीच येडी."

मग पिशवी पुढे केली. तिच्या आईने चिंबोऱ्या पाठवल्या होत्या, जिवंत, नांग्या दोऱ्याने बांधलेल्या. "खाडीच्या हायत. भरलेल्या. आज रातीच करा."

नको म्हणता आलं असतं. नको म्हणायला कारण द्यावं लागलं असतं. पिशवी घेतली.

आईने कालवण केलं, सगळं घर दरवळलं. ती मला मोठ्या नांग्या वाढत होती. मी डाळ-भात खाल्ला. आई माझ्या ताटाकडे बघून म्हणाली, "कोनाच्या घरचं आलेलं असं टाकू नये गं."

शुक्रवार, १० ऑक्टोबर

पेटीतल्या सुट्या भागांत नवा एक्स्ट्रॅक्टर होता. काल बसवला, आज पिस्तूल तपासून झाडलं. सरांनी आधी स्वतः, मग मला दिलं.

मुठीवर चिकटपट्टी नव्हती. चिकटाही कुणीतरी स्पिरिटने पुसून काढला होता.

मला वाटलं होतं आज जमणार नाही. जमलं. पहिला टप्पा, भिंत, सोड. मूठ तशीच सरळ मागे आली, खूण तशीच खाचेत परत आली. हवेच्या पिस्तुलावरचे दिवस धरूनही हा माझा आतापर्यंतचा सर्वांत चांगला दिवस होता. छिद्रं एकमेकांना चिकटून पडली.

टार्गेट आणून द्यायला कोमल गेली होती. तिने कागद माझ्यासमोर धरला आणि खरोखर आनंदाने म्हणाली, "ताई, बगा तरी! एका वाटीत बसतील सगली."

सर म्हणाले, "आता तूच जा स्टेटला. मनात काही ठेवू नकोस. झालं ते झालं."

घरी येताना स्कूटर कळंबोलीच्या सर्कलला थांबवली. हेल्मेट काढलं नाही. आत श्वास कोंडला होता तरी काढलं नाही.

मी हे सगळे दिवस स्वतःला सांगत होते की पुरेसा पुरावा नाही. सोमवारपासून तर पुरावा तुळशीतच गेला. पण आज लक्षात आलं, तांदूळ हातात असता तरी मी बोलले नसते. मला भीती बंदीची नाही. सरांच्या चेहऱ्याची आहे. "समृद्धी, तू?" असं ते म्हणतील, आणि पुढच्या क्षणी मी त्यांच्यासाठी मिठागरावरच्या मालूबाईची मुलगी होईन. जी मी आहेच. त्यात लाजण्यासारखं काय आहे हे मला नीट मांडता येत नाही, आणि तरी ही लाज कोमलच्या टाक्यांपेक्षा मोठी होऊन बसली आहे. हे लिहिताना मान वर करवत नाही, आणि खोलीत कुणीही नाही.

शनिवार, ११ ऑक्टोबर

कोमलला सांगितलं. रेंजच्या बाहेर, स्कूटरपाशी. तयार केलेली वाक्यं होती, ती वापरली नाहीत.

"ते कुंकू तुझं नव्हतं. तांदूळ होता. अक्षता मी वाहिल्या होत्या. नवमीला, सगळे बाहेर गेल्यावर."

ती आधी हसली. मोठ्याने, तोंडावर पट्टीचा हात ठेवून. "तुमी? अक्षता? तुमी?"

"हो."

"पायाबिया पडलात का?"

"हात जोडले."

ती अजून हसत होती, आणि मग एकदम थांबली. "म्हंजे त्या दिवशी, भगवानशेठ बांगड्या बोलले, तवा तुमाला म्हाईत होतं?"

"हो."

"मी सगल्यांच्यासमोर मान खाली घालून उभी होती. तवा?"

"हो."

"आईनं माजं कपाल पुसलं, ताई. स्वतःच्या हातानं. बोलली, देवी कोपली तुज्यावर. आठ दिस आमच्या घरात कोन धड बोललं नाय." तिचा आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं. "आणि तुमी आमच्या चिंबोऱ्या खाल्ल्यात."

"नाही खाल्ल्या. मी डाळ-भात खाल्ला."

तिने माझ्याकडे असं पाहिलं की जणू सगळ्यात वाईट हेच होतं. "आईनं खाडीत कंबरभर चिखलात उतरून धरल्या होत्या त्या. खायच्या तरी होत्यात."

मी सॉरी म्हटलं. ती शब्दाकडे लक्ष न देता पुढे बोलली, "मला काय सांगताय? मी काय करू याचं? माजं नाव ज्यांनी कापलं त्यांना सांगा. आणि कागदावर नको. कागदावर तुमी लय हुशार हाव. तोंडानं सांगा, सगल्यांच्यासमोर, जितं मी उभी होती तितं."

"सांगते."

"बघू."

ती रिक्षाने गेली. मी नेहमी तिला पनवेल स्टँडपर्यंत सोडते.

रविवार, १२ ऑक्टोबर

सकाळी आईला सांगितलं. तांदूळ आत अडकला म्हणून गोळी फुटली, देवीने डोळा वाचवला नाही, चष्म्याने वाचवला. मी हे शक्य तितकं सावकाश सांगितलं. तिने शेगडीवरचं भांडं उतरवलं, गॅस बंद केला.

"म्हंजे माज्यामुलं?"

"तू पुडी दिलीस. टाकले मी."

"मी बोलली होती वर टाक. आत कुनी सांगितलं?" मग भांडं बाजूला सारून, "ती पोर कंची? उरनकडची, करंज्याची?"

"हो."

"तिच्या आईकडं मी येईन तुज्यासंगती." पदर खोचून ती पुन्हा कामाला लागली. दुपारपर्यंत तिने माझ्याकडे पाहिलं नाही. संध्याकाळी तुळशीला पाणी घालताना मात्र मातीत बोट फिरवून काहीतरी शोधत होती. मी म्हटलं, "राहू दे आई, आता नाही मिळायचा." ती म्हणाली, "तू काय दाखवशील मग त्यांना?"

दाखवायला काही नाही. माझं बोलणं आहे फक्त.

कोमल म्हणाली कागद नको. पण बोलायला उभं राहायचं तर आधी परवानगी मागावी लागते, म्हणून हे पत्र. सरांना आणि भगवानशेठना आत्ता पाठवलं. तीन वेळा लिहिलं. पहिल्या खेपेला "माझ्याकडून अनवधानाने" असं आलं होतं. ते काढलं. अनवधान नव्हतं, मी दाराकडे बघून घेतलं होतं.

पाठवलेलं पत्र इथे उतरवते.

"आदरणीय भगवानशेठ आणि सत्यजीत सर,

२ ऑक्टोबरच्या अपघाताबद्दलचा माझा अहवाल अपुरा आणि दिशाभूल करणारा होता. एक्स्ट्रॅक्टरखाली सापडलेला कण अक्षतेचा तांदूळ होता. खंडेनवमीला पूजा झाल्यावर, स्लाइड उघडी असताना, त्या अक्षता मी वाहिल्या. धातूला काहीही लावायचं नाही हा नियम मीच लिहिलेला आहे. तपासणीच्या वेळी तांदूळ मी ओळखला आणि लपवला. सरांनी कुंकू का असं विचारलं तेव्हा मी 'असू शकेल' म्हटलं. कोमल कोळी हिचा यात कोणताही दोष नाही. गोळी फुटल्यावरही तिने पिस्तूल नियमाप्रमाणे समोर नळी करून टेबलावर ठेवलं, हे मी अहवालात लिहायला हवं होतं.

तो तांदूळ आता माझ्याकडे नाही. माझ्या शब्दाखेरीज पुरावा नाही.

माझं नाव राज्य स्पर्धेतून काढावं आणि तिचं पाठवावं. नियमभंगाची जी शिक्षा तिला दिली ती मला द्यावी. मंगळवारी सरावाला सगळे जमतील तेव्हा, ती उभी होती त्याच जागी उभं राहून हे तोंडाने सांगायची परवानगी मला द्यावी. पिस्तुलाच्या मुठीला तिच्या हाताच्या मापाची पट्टी लावायची आहे, तेवढं काम मला करू द्यावं.

प्रवेशिका बुधवारी बंद होतात. म्हणून सोमवार, १३ ऑक्टोबर, संध्याकाळी सहापर्यंत मला हो किंवा नाही ते कळवावं, ही विनंती.

समृद्धी तुळशीराम घरत"